भांडी पुसताना

फानफ खुर्चीतून उठून गेला तेव्हा त्याच्या डोक्याची डावी बाजू कापून झाली होती आणि उजवी राहिली होती. गळ्याभोवतीचं कापड त्याने स्वतःच सोडलं, खुंटीवरची टोपी डोक्यावर ओढली आणि दार आपटून तो बर्फात नाहीसा झाला. दुकानात उरलो मी आणि रेडिओ. कात्री हातात तशीच उघडी. घडलं होतं एवढंच, की मी त्याला विचारलं, "कानांवरचे अजून थोडे काढू का?" आणि ते आमची फ्रेंच सोडून इंग्रजीत विचारलं. "काय म्हणालास?" त्याने आरशातून विचारलं. मी चूक दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि पुन्हा इंग्रजीच बाहेर पडली. तेच शब्द, तोच नम्र सूर. फानफचे कान लाल झाले. "रोझेर, माझ्या बापाचे केस तुझ्या मामाने कापले. माझ्या आजोबांच्या शेवटच्या दाढीला तुझा मामा आमच्या घरी आला होता. आणि तू मला इंग्रजी ऐकवतोस? बायकोने पार गिळलं वाटतं तुला." आमच्या व्हेर्दांमध्ये, फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्या या वस्तीत, अनोळखी माणूस दारात आला की दोन्ही भाषांत नमस्कार करायचा आणि तो कुठला उचलतो ते बघायचं, ही रीत शेंबडी पोरंही पाळतात. पण ज्याची भाषा आपल्याला ठाऊक आहे, आणि जी आपलीही आहे, त्याच्याशी दुसऱ्या भाषेत बोलणं म्हणजे त्याला आपल्या घराच्या पायरीवरून खाली उतरवणं. फानफ रागावला यात त्याची काही चूक नव्हती. मला त्याच्यामागे धावत जाऊन सांगायचं होतं, की अरे, मला काहीतरी होतंय. पण तेसुद्धा मनात इंग्रजीतच तयार झालं, म्हणून मी गेलो नाही. खाली पडलेले फानफचे पांढरे केस झाडून एका कोपऱ्यात केले आणि खुर्चीत बसून राहिलो. थोड्या वेळाने रेडिओवरच्या बातम्या ऐकता ऐकता मी एक शिवी हासडली, ती फ्रेंचमध्ये निघाली, आणि मला हायसं वाटलं. आमच्या शिव्या सगळ्या चर्चमधल्या असतात. वेदी, पेला, प्रसादाची पेटी. त्या दिवशी मी सगळं चर्च एकदा ओळीने म्हणून बघितलं. काही हरवलं नव्हतं.

इंग्रजी मी शाळेत शिकलो नाही. म्हणजे शाळेत एक बाई ती शिकवायच्या, पण त्यांनाच ती येत नव्हती. मी ती शिकलो मामाच्या दुकानात, उभ्याने, लोकांची डोकी धरून. मामा म्हणायचा, डोकं बघ आणि बोल. आयरिश डोक्याला मागे एक भोवरा असतो, स्कॉटिश माणूस बसण्याआधी किंमत विचारतो, आपला माणूस बसल्याबसल्या हॉकीवर घसरतो. यातलं निम्मं थापांचं होतं, पण मला सवय लागली. दारात माणूस आला की जिभेच्या टोकावर भाषा आपोआप बदलायची. खांदा न हलवता कात्री या हातातून त्या हातात घ्यावी, तसं. कधी बदलली हे मलाही कळत नसे. या गोष्टीचा मला अभिमान होता, आता लपवण्यात अर्थ नाही. डोरीन पहिल्यांदा दुकानात आली ती तिच्या म्हाताऱ्या वडिलांना घेऊन. पॉइंटच्या आयरिश वस्तीतली माणसं, कालव्यापलीकडची. वडिलांचं डोकं मी भादरत होतो आणि ती खिडकीपाशी उभी राहून म्हणाली, "तुम्ही आमच्याशी बोलताना तुमचा आवाज थोडा वर जातो, माहीत आहे?" मला माहीत नव्हतं. नंतर मी लक्ष ठेवून ऐकलं, तर खरंच जात होता. इंग्रजी बोलणारा रोझेर हा जरा उंच आवाजाचा, हसरा, तत्पर माणूस होता. डोरीनने लग्न केलं ते त्याच्याशी.

आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या नववर्षाला आईकडे सगळे जमलो होतो. आई बोस या खेड्यापाड्यांच्या भागातली. तिथली माणसं 'ज' च्या जागी घशातून 'ह' काढतात आणि बोलताना पुढचा मागचा विचार करत नाहीत. टेबलावर डुकराच्या मांसाची पाई, शेजारी बिटाचं लोणचं. डोरीन घरून एक वाक्य घोकून आली होती. पाईची तारीफ करणारं फ्रेंच वाक्य. ते तिने म्हटलं. माझ्या तिन्ही बहिणी हसल्या. वाईट मनाने नाही, लहान मूल चालताना पडलं की हसतात तसं हसल्या. डोरीनही हसली. पण त्यानंतर त्या घरात ती फ्रेंच बोलली नाही, ना दुसरीकडे कुठे. जेवणं झाली की ती उठायची, आई भांडी घासायची आणि डोरीन पुसायची. दर रविवारी, आई जाईपर्यंत. आई एकटीच बोलत राहायची. शेजारणीचे गुडघे, धर्मगुरूचा कंजूसपणा, माझ्या बहिणींचे नवरे, आणि घरात कोणी काही जुनंपानं आणून टाकलं की तिचं ठरलेलं वाक्य: "हे घर म्हणजे काय चर्चचं तळघर आहे, नको ते आणून टाकायला?" डोरीन मान हलवायची आणि ताटल्या पुसायची. आम्ही पुरुष बाहेर हॉकी बघत बसायचो. मला वाटायचं, बिचारी, तिला एक अक्षर कळत नाही आणि म्हातारी सोडत नाही.

फानफनंतर आणखी दोनतीन वेळा तसं झालं, आणि एकदा डोरीनशी बोलताना उलटंही. मग डॉक्टर झाले, यंत्रात डोकं घालून झालं, आणि माझ्या मेंदूच्या डाव्या बाजूला कानाच्या वर एक गाठ निघाली. सावकाश वाढणारी. कदाचित तिथे कित्येक वर्षं होती. चाळीस वर्षं लोकांची डोकी चाचपणाऱ्या माणसाला स्वतःच्या डोक्यातलं कळू नये, याचं मला हसू आलं, पण कोणाला सांगावंसं वाटलं नाही. ती काढायची तर मला जागं ठेवून काढावी लागणार होती. कवटी उघडून, मी बोलत असताना, मेंदूला जागोजाग हलकासा विजेचा स्पर्श करायचा आणि कुठे बोलणं अडतं ते बघायचं. अडतं तिथे सुरी न्यायची नाही. त्यासाठी आधी चित्रांची तालीम. ती घ्यायला इक्राम नावाची बाई होती, मूळची अल्जीरियाची, तीन भाषांत झोप न लागणारी, असं ती स्वतःच म्हणे. ती चित्रं दाखवायची, मी नाव सांगायचं. एकदा फ्रेंचमध्ये, एकदा इंग्रजीत. दोन्हींत झटकन आलं तेच चित्र ऑपरेशनला चालणार. अडखळलं की ते बाजूला. बाजूला पडलेल्या चित्रांचे हळूहळू दोन गठ्ठे झाले. फ्रेंच होतं पण इंग्रजी नव्हतं अशात गोठ्यातली अवजारं, चर्चमधल्या वस्तू, मधमाशांचं पोळं, पाळणा. इंग्रजी होतं पण फ्रेंच नव्हतं अशात बँकेचं कपाट, भाताचा कुकर, समुद्रकिनाऱ्यावरची छत्री. डोरीनबरोबर मी जे जग पाहिलं ते सगळं दुसऱ्या गठ्ठ्यात होतं. मी त्यांच्याकडे बराच वेळ बघत बसलो. इक्रामने घाई केली नाही.

"तुम्हाला वाटतं, एक बोलताना दुसरी झोपलेली असते," ती म्हणाली. "झोपत नाही हो. दोघी सतत जाग्या. तुम्ही फ्रेंच बोलता तेव्हा मेंदू इंग्रजीच्या तोंडावर हात दाबून धरतो. इंग्रजी बोलता तेव्हा फ्रेंचच्या."

"दर वेळेला?"

"दर शब्दाला."

"मग माणूस थकत कसा नाही?"

"थकतो की. त्याला वाटतं गिऱ्हाइकांनी थकवलं." आणि मग तिने मला समजावलं. पहिली भाषा मूल शिकत नाही, ती त्याच्यात आपोआप मुरते. दुसरी मोठेपणी येते तेव्हा मेंदू तिच्यासाठी नवं घर बांधत बसत नाही, पहिलीच्याच खोल्यांत तिला सरकून जागा करून देतो. बऱ्याच खोल्यांत दोघी एकत्र नांदतात, पण काही कोपरे फक्त हिचे, काही फक्त तिचे. माझी गाठ इंग्रजीच्या एका कोपऱ्याला चिकटून बसली होती. ती तिला चिमटे काढायची, म्हणून नको तेव्हा इंग्रजी उसळून वर यायची, आणि क्वचित हवी तेव्हा अडून बसायची. फानफसमोर तेच झालं होतं. मला वाटलं, हे जाऊन फानफला सांगावं. पण तो म्हणाला असता, बघ, मी सांगत नव्हतो, इंग्रजी हा आजारच आहे.

घरी जाताना बसमध्ये मी डोळे मिटून माझ्यातल्या त्या दोघींना चाचपून बघत होतो. दाढी करताना वस्तरा लागला की मी कुठल्या भाषेत ओरडतो? फ्रेंच. वडील गेले तेव्हा गिऱ्हाइकांनी इंग्रजीत किती चांगलं चांगलं म्हटलं, मी सगळ्यांचे हात हातात घेतले, आभार मानले, डोळ्यांतून टिपूस आलं नाही. मग बोसवरून मावसभाऊ आला, त्याने फक्त "गेला रे बाबा" म्हटलं, आणि मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन टॉवेलात तोंड खुपसलं. इंग्रजीत मला काही लागत नाही. इंग्रजीतल्या शिवीने मला राग येत नाही, इंग्रजी गाण्याने रडू येत नाही. आणि डोरीनला मी रोज, बाहेर पडताना, फोन ठेवताना, दिवा मालवताना, प्रेम आहे म्हणतो ते इंग्रजीत. ते तीन शब्द मी सहज म्हणतो, कात्री पुसावी तसे. आजवर त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता वाटू लागलं. डोरीनच्या वाट्याला माझी हलकी भाषा आली. जी बोलताना मला काही किंमत मोजावी लागत नाही ती मी तिला दिली, आणि जड होती ती फानफसाठी, आईसाठी, चर्चमधल्या शिव्यांसाठी राखून ठेवली. या विचाराने मला फार एकटं वाटलं.

डॉक्टर कासग्रँ या बारीक अंगाच्या, स्वच्छ बोलणाऱ्या बाई. शस्त्रक्रिया त्या करणार होत्या. मी एकटाच गेलो होतो तेव्हा त्यांनी मला चित्र दाखवून सांगितलं, "गाठीचा हा कोपरा तुमच्या इंग्रजीत शिरलाय. तो काढला तर इंग्रजी बोलणं जाईल. समजणं राहील. बोलणं पुढे परत येईल किंवा येणारही नाही, खोटं सांगत नाही. तो ठेवला तर इंग्रजी शाबूत राहील, पण तेवढी गाठ मागे उरेल. ती वाढणार." मी विचारलं, वाढली की काय. त्या म्हणाल्या, "मग काही वर्षांनी ती फ्रेंचवरही येईल, आणि त्या वेळी माझ्या हातात फारसं काही नसेल." मी म्हणालो, ठेवा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा म्हणालो, कोपरा राहू दे. कारण साधं होतं. आम्हाला मूलबाळ नाही. फ्रेंच बोलायला मला सगळं व्हेर्दां आहे. डोरीनला इंग्रजी बोलायला त्या घरात मी एकटा आहे. मी मुका होऊन तिच्यासमोर जेवायला बसलोय आणि ती आपली सांगतेय, सांगतेय, हे चित्र माझ्याच्याने बघवलं नाही. आणि खरं सांगायचं तर भीतीही होती. त्या उंच आवाजाच्या हसऱ्या माणसाशी तिने लग्न केलं होतं. तो गेला तर उरेल तो रोझेर तिचा कोण? घरी येऊन मी तिला सांगितलं, साधं ऑपरेशन आहे, काळजीचं कारण नाही. "साधं असतं तर जागं कशाला ठेवतील?" ती म्हणाली आणि बटाटे सोलू लागली.

त्या आठवड्यात फानफ आला. टोपी काढली तर उजवी बाजू तशीच, वाढून कानावर आलेली. दुसऱ्या न्हाव्याकडे गेला नव्हता. सरळ खुर्चीत येऊन बसला. मी कापड बांधलं, कात्री घेतली. फ्रेंच जपून, एकेक शब्द तपासून बोललो आणि त्याला सगळं सांगितलं, ते कोपऱ्याचंही. बाहेरच्या कोणाला तरी सांगायला हवं होतं. फानफ आरशात बघत म्हणाला, "यात विचारण्यासारखं काय आहे? इंग्रजी काढून टाकायची. मी तर फुकटात काढून घेईन."

"आणि डोरीन?"

"शिकेल. इथे जन्म गेला तिचा, शिकायला काय धाड भरली होती?"

"ती एकदा बोलली होती. माझ्या बहिणी हसल्या."

फानफने कापडावर पडलेले केस झटकले. मग म्हणाला, "माझ्याही हसल्या असत्या." जाताना त्याने माझा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला आणि टोपी न घालताच बाहेर पडला, दोन्ही बाजू सारख्या झाल्या होत्या म्हणून असेल.

त्या दवाखान्याची एक रीत आहे. शेवटच्या भेटीला घरचं माणूस सोबत बसवावंच लागतं, आणि डॉक्टर काय काढणार, काय ठेवणार ते त्याच्यादेखत पुन्हा एकदा मोठ्याने सांगतात. हे मला आधी ठाऊक नव्हतं. डॉक्टर कासग्रँनी आम्हा दोघांना बसवून विचारलं, "कुठल्या भाषेत बोलूया?" मी घाईघाईने म्हणालो, फ्रेंचमध्ये. डोरीनने हातमोजे काढून मांडीवर ठेवले. मी त्या भाषेच्या आडोशाला लपत होतो. मला वाटलं, ती नेहमीसारखी मान हलवत बसेल आणि मी बाहेर जाऊन तिला हवं तेवढंच सांगेन. डॉक्टर बोलत गेल्या. गाठ, कोपरा, इंग्रजी, मागे उरलं तर काही वर्षं. मी भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे बघत होतो. त्या थांबल्या आणि माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "तर मस्यू त्रुदेलच्या इच्छेप्रमाणे आपण तो कोपरा तसाच ठेवतोय."

"ठेवायचा नाही," माझ्या शेजारून कोणीतरी म्हणालं.

फ्रेंचमध्ये. मी वळून पाहिलं. डोरीन ताठ बसली होती, तिच्या गळ्यावर लाल डाग उठले होते, आणि तिचा 'ज' घशातून 'ह' होऊन येत होता. "काढून टाका ते. ह्याचं डोकं म्हणजे काय चर्चचं तळघर आहे, नको ते ठेवायला?" मला आईच्या स्वयंपाकघरातला साबणाचा वास आला. खरोखर आला. गेलेल्या बाईचा सूर जसाच्या तसा, वाक्याच्या शेवटी खाली पडणारा, माझ्या आयरिश बायकोच्या तोंडून निघाला होता. डॉक्टर कासग्रँ हसू दाबत म्हणाल्या, "मादाम, तुम्ही बोसच्या का?"

"नाही," डोरीन म्हणाली. "मी भांडी पुसायची."

बाहेर गाडीत बसल्यावर तिने इंजिन सुरू केलं नाही. आम्ही इंग्रजीत बोललो. मी विचारलं, "सगळं कळायचं तुला?"

"पहिली काही वर्षं नाही. नंतर एक दिवस कळलं की कळतंय."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"सुरुवातीला लाज. पुढे वाटलं, आपण बोललो की हे सगळे जपून बोलायला लागतील. तुझ्या बहिणी माझ्यासमोर एकमेकींच्या नवऱ्यांबद्दल जे बोलायच्या, ते मला कोण ऐकवणार होतं?" ती हसली आणि मग हसू थांबवून काचेकडे बघू लागली. "मला न सांगता तू माझ्यासाठी मरायला निघाला होतास. आणि ते पण माझ्यासमोर बसून. मला फार राग आलाय, रोझेर."

"ती गेली तर मी तुझ्याशी काय बोलू?"

"आईशी काय बोलायचास?"

"फारसं काही नाही. तीच बोलायची."

"मग झालं तर," म्हणून तिने गाडी सुरू केली.

ऑपरेशनच्या दिवशी नर्स यंत्र घेऊन माझे केस काढायला आली. तिची पकड मला बघवेना, म्हणून आरसा मागवून तेवढी पट्टी मीच साफ केली. आतलं फारसं आठवत नाही. दुखत नव्हतं. तोंडावर निळ्या कापडाचा मांडव आणि त्यात इक्रामचा चेहरा, तिच्या हातात चित्रं. मी नावं सांगत होतो, एकदा अशी, एकदा तशी. घोडा, किल्ली, पाव, चंद्र. दोन्ही झटकन. डोक्यामागे डॉक्टर हळू आवाजात आकडे म्हणत होत्या. मग इक्रामने कात्रीचं चित्र धरलं. फ्रेंच आली. मग इंग्रजी सांगायची होती. मी तिकडे गेलो आणि तिथे काही नव्हतं. भीती वाटली नाही. कात्री दिसत होती, तिचं वजन अंगठ्याला जाणवत होतं, हजार वेळा उच्चारलेला शब्द कुठे ठेवलेला असतो ती जागाही दिसत होती. शब्द नव्हता. इक्रामने मान वळवून वर सांगितलं. डॉक्टरांनी नियमाप्रमाणे एकदा विचारलं, "मस्यू त्रुदेल, हाच तो कोपरा. ठरल्याप्रमाणे?" मला दुकानाच्या खिडकीपाशी उभी असलेली मुलगी दिसली, माझ्या वर जाणाऱ्या आवाजाला हसणारी. मी म्हणालो, काढा.

घरी सोडलं त्या दिवशी दवाखान्याच्या दाराबाहेर बराच बर्फ होता. इंग्रजी सगळी कळत होती. दारावरचा रखवालदार काय म्हणाला, रेडिओ काय सांगत होता, सगळं. उत्तर द्यायला गेलं की तोंड रिकामं. डोरीनने माझ्या पट्टीवरून लोकरी टोपी जपून ओढली आणि कानांवर खाली केली. ती फ्रेंचमध्ये काहीबाही बडबडत होती, शब्द चुकत होते, नामांची लिंगं उलटीपालटी होत होती, आणि मध्येच एखादं अख्खं वाक्य आईचं निघत होतं. मी पायरीवर थांबलो. रोजचे ते तीन शब्द म्हणायची वेळ होती आणि ते गेले होते. म्हणून मी तेच फ्रेंचमध्ये म्हणायला गेलो. आयुष्यात ते मी कोणालाच म्हटलं नव्हतं, आईलाही नाही, आमच्याकडे कोणी म्हणत नाही. शब्द अर्धेच आले, आवाज खाली गेला, मला स्वतःचीच लाज वाटली. डोळ्यांतलं पाणी थंडीने गालावरच बोचू लागलं. डोरीन माझ्याकडे बघत राहिली. हा माणूस तिने पूर्वी पाहिलेला नव्हता. मग तिने माझी बाही घट्ट धरली.

"परत म्हण," ती म्हणाली. "हळू म्हण. मी अजून शिकतेय."